मुलांच्या हृदयाभोंवतालचें पाणी

मुलाच्या छातींत पाणी झालें असें ऐकलें कीं आपल्या डोळ्यांपुढें फुप्फुसच येतें. परंतु हृदयालाही स्वतःचें एक दुपदरी आवरण आहे व त्या पदरांमध्येंही पाणी सांचूं शकतें, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. निरोगी माणसाच्या आवरणांत थोडा द्रव असतोच. मोठ्यांत १५ ते ५० घनसेंटिमीटर, मुलांत अर्थात् कमी. त्याच्या योगानें हृदय घर्षणावांचून हलतें.

हा द्रव वाढण्याचीं कारणें अनेक आहेत. विषाणूंचा संसर्ग हें एक. आपल्या देशांत क्षयाचाही संशय घ्यावाच लागतो. जंतूंमुळें कधीं तेथें पू होतो. संधिवाताचा ताप, मूत्रपिंडाचे विकार, रक्ताचा कर्करोग, हृदयावरील शस्त्रक्रिया यांमागूनही पाणी येतें.

पण पाणी किती, यापेक्षां तें किती वेगानें सांचलें, याला महत्त्व अधिक. आवरण चिवट आहे. हळूहळू ताणलें तर पुष्कळ पाणी सामावून घेतें, एकाएकीं भरलें तर थोड्याशा पाण्यानेंही हृदय जखडून जातें. त्याला आकुंचन पावतां येतें, पण भरण्यास जागा उरत नाहीं. आणि जें आंत आलेंच नाहीं तें पुढें काय ढकलणार? क्लॉड बेक यांनीं १९३५ सालीं याचीं तीन चिन्हें सांगितलीं: रक्तदाब उतरणें, मानेच्या शिरा फुगणें व हृदयाचे ठोके क्षीण ऐकूं येणें. तान्ह्या मुलाची मान आंखूड व गुबगुबीत. तेथें शिरा दिसायच्या कोठून? तें दूध सोडतें, धापा टाकतें, फिकें पडतें, आणि त्याचें यकृत हाताला वाढलेलें लागतें. मोठें मूल निजावयास नाकारतें व पुढें वांकून बसतें.

येथेंच घात होतो. वाढलेलें यकृत पाहून लघवी वाढविणारें औषध देण्याचा मोह पडतो. त्यानें शिरांतील रक्ताचा जोर घटून जखडलेलें हृदय अधिकच रिकामें राहतें.

एड्लर व हर्ट्झ यांनीं १९५३ सालीं स्वीडनमध्यें आरंभिलेली ध्वनिलहरींची तपासणी आज खाटेपाशींच निदान करते. तिच्याच आधारें बहुधा छातीच्या मधल्या हाडाच्या टोंकाखालून सुई घालून पाणी काढतात. थोडें निघतांच नाडी सुधारूं लागते. पू असल्यास त्याला वाट करून देऊन कित्येक आठवडे प्रतिजैविकें द्यावीं लागतात. क्षयावर निदान सहा महिने औषधें चालतात, आणि आवरण पुढें जाड व घट्ट होत नाहीं ना, हें पाहण्यासाठीं मूल पुन्हां पुन्हां तपासावें लागतें. विषाणूंमुळें आलेलें थोडें पाणी बहुधा विश्रांतीनें व दाहशामक औषधानें ओसरतें. मात्र घरच्या घरीं ॲस्पिरिन देऊं नये; विषाणूंच्या तापांत तें मुलांच्या यकृतास व मेंदूस अपाय करूं शकतें.