अर्ज पेंडिंग आहे, तिकीट काढू का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं 'म्हणजे, म्हणजे' तेवढं काढून टाकलंय.

आजचा प्रश्न मला मेसेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलाय. लग्न झालं, नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डचा अर्ज अमेरिकेतूनच टाकलाय, पावती आलीय. आणि आता घरून फोन. बहिणीचं लग्न ठरलंय, कधी येताय? किंवा, तुमचं तिकडे कोर्टात झालं असेल, पण अक्षता पडल्याशिवाय आम्ही ते लग्न मानत नाही, हॉल बुक केलाय! तर मग, तिकीट काढायचं का?

मी वकील नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण याच रांगेत मी वर्षभराहून जास्त उभा होतो, त्यामुळे यातले नियम नीट वाचलेत. तुमच्या केससाठी वकिलाला विचाराच, फक्त त्याच्याकडे जाताना काय विचारायचं ते कळावं म्हणून हा भाग.

आज एकच वाक्य लक्षात ठेवा. अमेरिकेत राहायची मुभा आणि अमेरिकेत परत यायची मुभा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जाच्या पावतीने पहिली मिळते. दुसरी नाही मिळत. घोळ होतो तो सगळा इथेच.

बाहेर पडलात की काय होतं?

ग्रीन कार्डचा मुख्य फॉर्म म्हणजे आय-४८५. तो पेंडिंग असताना तुम्ही परवानगीशिवाय देशाबाहेर गेलात, तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरतात. तुम्ही का गेलात, किती दिवसांसाठी गेलात, हे कुणी विचारत नाही. आजारी आईला बघायला चार दिवस गेलात तरी तेच. मग भारतात बसून दूतावासामार्फत पुन्हा नव्याने सुरुवात, आणि तोवर नवरा एका खंडात, बायको दुसऱ्या.

ही परवानगी म्हणजे ॲडव्हान्स पॅरोल. तिचा फॉर्म आय-१३१. आय-४८५ सोबतच तो टाकता येतो. १ एप्रिल २०२४ च्या आधी त्याची फी आय-४८५ मध्येच धरलेली असायची. त्या दिवसापासून वेगळी भरावी लागते, म्हणून काही जण पैसे वाचवायला तो फॉर्मच टाकत नाहीत. 'आम्हाला कुठे जायचंय?' असं म्हणतात. माझं म्हणणं, टाका. जायचंय की नाही हे आपण ठरवत नाही, घरून येणारा फोन ठरवतो.

आणि आय-१३१ टाकलाय म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, बरं का. मंजुरी हातात येण्याआधी निघालात, तर सहसा तो फॉर्मही बाद होतो आणि मुख्य अर्जही.

कुणाला सूट आहे?

एच-१बी, एच-४, एल-१ आणि एल-२ वाल्यांना. या लोकांना ॲडव्हान्स पॅरोलशिवायही जाऊन येता येतं. अट अशी की स्टेटस चालू हवं, परत येताना त्याच प्रकारचा वैध व्हिसा पासपोर्टवर हवा आणि त्याच स्टेटसमध्ये आत यायला हवं.

एच-४ वाल्या मैत्रिणींनो, तुमच्या नवऱ्याच्या नोकरीमार्फत तुमचाही आय-४८५ गेला असेल, तर हे तुम्हालाही लागू आहे. पण पासपोर्ट उघडून स्टॅम्पची तारीख बघा. ती संपली असेल, तर मुंबईत बीकेसीच्या वाणिज्य दूतावासात स्टॅम्पिंग करून मगच परतता येईल. अपॉइंटमेंट लांबली की तुम्ही अडकलात. म्हणून सूट असूनही बरेच जण ॲडव्हान्स पॅरोल काढून ठेवतात.

एफ-१ वर आहात, ओपीटी चालू आहे, टुरिस्ट व्हिसावर आलेले असताना लग्न केलंत? तुम्हाला ही सूट नाही. मी एफ-१ वर होतो.

वर्क परमिट म्हणजे प्रवासाचा परवाना नव्हे

ही गफलत फार होते. वर्क परमिटचं कार्ड आलं की लोक पेढे वाटतात आणि लगेच तिकीट बघायला लागतात. थांबा. ते कार्ड नोकरीचं आहे. काही कार्डांवर खाली 'सर्व्हज ॲज आय-५१२ ॲडव्हान्स पॅरोल' अशी ओळ छापलेली असते. ती असेल तर तेच कार्ड प्रवासालाही चालतं. नसेल तर ॲडव्हान्स पॅरोलचा वेगळा कागद येईपर्यंत जागेवरून हलू नका.

तो कागद आल्यावरही चार गोष्टी बघायच्या.

एक, तारीख. निघायच्या दिवशी वैध असून भागत नाही, परत उतरायच्या दिवशी वैध हवा.

दोन, मार्ग. युरोपातून किंवा लंडनहून विमान बदलणार असाल, तर ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी तपासा. तिथल्या सवलती सहसा वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांना असतात. पॅरोलच्या कागदाला ती सवलत असेलच असं नाही. थेट विमान महाग पडतं, पण त्यात ही कटकट नाही.

तीन, विमानतळ. पॅरोलवर येणाऱ्यांना बऱ्याचदा आतल्या खोलीत बसवतात. घाबरू नका, ते ठरलेलं काम आहे. पावती, लग्नाचा दाखला, ॲडव्हान्स पॅरोलची मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत लोणच्याशेजारी नको. पुढचं विमान असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. आणि हेही समजून घ्या, की ॲडव्हान्स पॅरोल म्हणजे आत घेतीलच अशी हमी नाही. शेवटचा निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा.

चार, टपाल. बोटांच्या ठशांची किंवा मुलाखतीची नोटीस तुम्ही गावाला असताना येऊ शकते. न कळवता गैरहजर राहिलात तर त्यावरूनही अर्ज सोडल्याचं धरू शकतात. इथे राहिलेल्या जोडीदाराला रोज टपालपेटी बघायला सांगा.

ज्यांचं स्टेटस संपलंय त्यांनी दोनदा ऐका

अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेला माणूस कायदेशीररीत्या आत आला असेल, तर नंतर मुदत उलटून गेली तरी त्याला इथूनच अर्ज करता येतो. म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. पण १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून मग देश सोडला, तर ३ वर्षं परत यायला बंदी. एक वर्ष किंवा जास्त असेल तर १० वर्षं. गंमत बघा, जोवर इथे आहात तोवर ही बंदी लागत नाही. ती लागते बाहेर पाऊल टाकल्यावर.

२०१२ मध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळाने एका भारतीय दांपत्याच्या प्रकरणात निकाल दिला, की ॲडव्हान्स पॅरोलवर जाऊन येणं म्हणजे ही १० वर्षांची बंदी लागू होईल असं 'देश सोडणं' नाही. मोठा दिलासा आहे हा. पण तुमचा हिशेब त्यात बसतो का, हे वकिलाने कागद बघून सांगितल्याशिवाय विमानतळाकडे जाऊ नका.

आपल्याकडची 'इमर्जन्सी'

मेसेजमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'घरी काही झालं तर?'

तातडीच्या ॲडव्हान्स पॅरोलची सोय आहे. इमिग्रेशन खात्याच्या संपर्क केंद्राला फोन करायचा, जवळच्या कार्यालयाची वेळ मागायची, आणि भरलेला आय-१३१, फी, फोटो, पुरावे घेऊन जायचं. पुरावा म्हणजे हॉस्पिटलचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला. नगरपालिकेचा दाखला मराठीत असेल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावं लागतं.

पण यात दिवस जातात. आणि आपल्याकडे माणूस गेलं की काही तासांत सगळं आटोपतं.

माझी आजी कराडला होती. अर्ज टाकून सहावा आठवडा चालू होता. न्यू जर्सीत रात्रीचे साडेदहा वाजले होते, तिकडे सकाळचे नऊ. बाबांचा फोन आला. माझ्याकडे पहाटेचे तीन वाजेपर्यंत कृष्णाकाठी सगळं झालंसुद्धा होतं. चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला होता, नेटवर्क जात-येत होतं. मी बाबांना म्हटलं, तातडीचा कागद मिळाला तर दहाव्यापर्यंत पोचतो. ते म्हणाले, "आई गेली रे. आता धावत येऊन तू कुणाला भेटणार? तुमचं तिकडचं मार्गी लागू दे." मी आणि बायको रात्रभर बोललो आणि जायचं नाही असं ठरवलं. दहाव्याला कावळा शिवला का, हे मी व्हॉट्सॲपवर विचारलं. लगेच शिवला म्हणे. बाबा खरं सांगत होते की माझ्यासाठी बोलले, मी विचारलं नाही.

हे सांगतोय ते अशासाठी, की नियम वाचताना आपण तिकिटाचा विचार करतो, या रात्रीचा करत नाही. तो आधी करा. दोघांनी बसून स्पष्ट बोला. कुणाचं काय झालं तर तातडीचा कागद काढायचा आणि कुणासाठी इथूनच हात जोडायचे. ऐकायला क्रूर वाटतं. पण त्या रात्री हे पहिल्यांदा ठरवायला बसणं जास्त क्रूर असतं. आणि आईबाबांनाही आधीच सांगा, की अमुक महिने आम्हाला येता येणार नाही. नाहीतर ते नातेवाइकांना 'सुट्टी मिळत नाही' असं सांगत राहतात आणि मनातून दुखावतात.

अर्ज कुठल्या महिन्यात टाकायचा हे बऱ्याचदा आपल्या हातात असतं. एच-१बी वर असाल आणि बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर असेल, तर आधी जाऊन या, मग टाका. एफ-१ वाल्यांनी मात्र हा सल्ला घेऊ नका. अमेरिकन नागरिकाशी लग्न झाल्यावर विद्यार्थी म्हणून परत आत यायचं, तर 'तुमचा इथेच राहायचा विचार दिसतोय' हा प्रश्न उभा राहतो.

बाकीच्या देशांत

दुसऱ्या देशांतून ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियातून पार्टनर व्हिसाचा अर्ज केला असेल आणि तुम्ही ब्रिजिंग व्हिसा ए वर असाल, तर देश सोडताच तो संपतो. आधी ब्रिजिंग व्हिसा बी घ्या. ब्रिटनमध्ये मुदतवाढीचा अर्ज निकाली निघण्याआधी बाहेर गेलात, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. त्यांच्या कॉमन ट्रॅव्हल एरियात, म्हणजे आयर्लंड वगैरे, फिरायला हरकत नाही. कॅनडात देशातल्या गटातून अर्ज असेल तर जायला बंदी नाही. पण परत घेतलं नाही तर अर्जच धोक्यात, कारण त्या गटात जोडीदारासोबत कॅनडात राहणं ही अट आहे. जर्मनीत मधल्या काळासाठी जो कागद देतात त्याचं नाव उच्चारताना दम लागतो, त्यामुळे फक्त कलम बघा. ८१ च्या चौथ्या पोटकलमाखाली असेल तर जाऊन परत येता येतं, तिसऱ्याखाली असेल तर त्यावर परत येता येत नाही.

देश बदलला, फॉर्म बदलला, पण प्रश्न तोच. माझ्या हातातला कागद मला राहू देतो, की परतही येऊ देतो?

नियम बदलत राहतात, फी तर वरचेवर बदलते. म्हणून हा भाग ऐकून तिकीट काढू नका. हा ऐकून कागद काढा, त्यावरच्या तारखा वहीत लिहा, आणि मग वकिलाला फोन करा.

तुमचे प्रश्न पाठवा. केस नंबर आणि पासपोर्टचे फोटो मात्र मला पाठवू नका, प्लीज! पुढच्या भागात दोन वर्षांच्या सशर्त ग्रीन कार्डबद्दल बोलू. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मंजूर झालं तर तेच मिळतं, आणि त्याची अट काढायच्या अर्जातही हा प्रवासाचा प्रश्न पुन्हा येतोच.

भेटू. काळजी घ्या, आणि आज घरी फोन करा.