वाळीत टाकलेलं घर

श्रोतेहो, शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘वी हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कॅसल’ ही १९६२ सालची कादंबरी जरूर वाचा. कॉन्स्टन्स आणि मेरीकॅट या बहिणी आजारी काकांसह गावाबाहेरच्या मोठ्या घरात राहतात. सहा वर्षांपूर्वी साखरेत मिसळलेल्या आर्सेनिकनं घरातली चार माणसं दगावली. कॉन्स्टन्स कोर्टातून निर्दोष सुटली. गावानं मात्र तिला सोडलं नाही. मेरीकॅट बाजारहाटाला गेली, की पोरं गाणं म्हणून चिडवतात. पुस्तकात भूत नाही, भीती वाटते ती माणसांची.

याला आपल्याकडे ‘वाळीत टाकणं’ म्हणतात. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. आमचं मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. पारावरची कुजबुज आता लिफ्टमध्ये होते, एवढाच फरक!

गोष्ट सांगते अठरा वर्षांची, लाघवी मेरीकॅट. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा. पण दोष कुणाचाही निघो, गावानं त्या घरावर उचललेला दगड योग्य ठरतो का? पुस्तक मिटल्यावरही हा प्रश्न सुटत नाही.