रंग गेला, पाणी शुद्ध झाले काय?

(ठाणे जिल्ह्यातील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता गुलाबी झाला आणि त्याची छायाचित्रे राज्यभर पोहोचली. रंग दिसला म्हणून बोभाटा झाला. नाला लाल-निळा वाहिला की आपण तक्रार करतो, नितळ दिसला की निर्धास्त होतो. आपली ही निर्धास्तता पुष्कळदा फसवी असते, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

सुती कापड रंगविण्यापूर्वी त्यावरील खळ काढावी लागते. त्यानंतर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया, विरंजन, रंगकाम आणि पुनःपुन्हा धुलाई. रंगाचा काही अंश धाग्याला न चिकटता पाण्यात उतरतो. रंग नीट चढावा म्हणून घातलेले मीठ तर जवळजवळ सारेच सांडपाण्यात जाते. खळीतील स्टार्च कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू संपतो व मासळी गुदमरते. डोळ्यांत भरतो तो रंग. खाडीकाठच्या कोळ्याच्या जाळ्यावर घाला येतो तो मात्र बिनरंगी खळीमुळे.

डोंबिवलीत कापड कारखान्यांसाठी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. अशा केंद्रात निरनिराळ्या कारखान्यांचे पाणी प्रथम एकत्र मिसळून त्याची तीव्रता सारखी करतात. चुना, तुरटी किंवा हिराकस घालून रंगाचा बराच भाग गाळाबरोबर तळाशी बसवितात. मग हवा खेळवून जीवाणूंकरवी उरलेली घाण खाववितात. हे जीवाणू म्हणजे केंद्राचे खरे कामगार, आणि मोठे नाजूक! एखाद्या कारखान्याने स्वतःची प्राथमिक प्रक्रिया टाळून जहाल पाणी एकदम सोडले, तर ते मरतात. पुन्हा वाढावयास दिवस लागतात, आणि एकाच्या कसुरीचे फळ साऱ्यांना भोगावे लागते. शिवाय विरघळलेले मीठ या साऱ्या प्रक्रियेतून जसेच्या तसे बाहेर पडते. तामिळनाडूतील तिरुपूर येथे हाच प्रश्न इतका चिघळला, की जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील शेकडो रंगशाळा बंद झाल्या. पाणी आटवून मीठ परत मिळविण्याचा मार्ग तेथे पत्करण्यात आला. तो उपयुक्त खरा, परंतु त्यास इंधन फार लागते. लहान कारखानदाराची अडचणही आपण समजून घेतली पाहिजे.

आपल्याकडे उल्हास व वालधुनी नद्यांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला, आणि २०१५ साली लवादाने प्रदूषणाबद्दल भरपाईचे आदेश दिले. न्यायालयाचा आदेश वर्षांनी येतो. नाल्यातले पाणी एका रात्रीत वाहून जाते.

म्हणून आपणास एक विनंती. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाकडे तक्रार करताना केवळ “पाणी दूषित आहे” असे लिहू नये. नाल्याचे ठिकाण, दिवस, वेळ, वास, फेस, मेलेले मासे आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, हे सारे लिहावे. भरतीच्या पाण्यात दोष झाकला जातो. बाटली भरून घरी ठेवण्यात अर्थ नाही. प्राणवायूच्या मागणीची चाचणी २७ अंश तपमानात तीन दिवस चालते, आणि त्यासाठी नमुना थंड राखून प्रयोगशाळेत लवकर पोहोचावा लागतो. तो मंडळाच्या अधिकाऱ्यांनीच घ्यावा, आणि त्यांना वेळेवर बोलावणारा माणूस नाल्याकाठच्या गावात असावा.