घाना आणि म्हशी

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे, निदान बँकेत चिकटावे, असे आपल्याला वाटते. एखाद्याने ‘मी पक्षी बघणार’ म्हटले तर घरात काय होईल, ते मी सांगायला नको. मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या आणि लहानपणीच पोरक्या झालेल्या एका मुस्लिम मुलाने हेच केले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी त्याला वेगळी दिसली, ती कोणती हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि पुढे जन्मभर त्याने तेच काम केले. हे डॉ. सलीम अली. मात्र आज मला त्यांचे चरित्र सांगायचे नाही. त्यांच्या आवडत्या राष्ट्रीय उद्यानाची हकीकत सांगायची आहे, कारण तीत मोठ्या माणसांचाही अंदाज कसा चुकतो ते दिसते.

राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव हे ते उद्यान. आत केवलादेव महादेवाचे मंदिर आहे. दाट झाडीमुळे लोक त्याला नुसते ‘घाना’ म्हणतात. क्षेत्रफळ अवघे २९ चौरस किलोमीटर, आणि पक्ष्यांच्या जाती साडेतीनशेहून अधिक! गंमत अशी की ही पाणथळ जागा बरीचशी माणसानेच घडवलेली आहे. मूळचा खोलगट सखल प्रदेश. भरतपूरच्या राजांनी अजान बांधातून पाणी आणले, लहान बांध घालून वेगवेगळे कप्पे केले आणि दारे बसवून पाणी हवे तसे खेळवले. हेतू मात्र शिकारीचा होता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले. आणि योगायोग पाहा, १२ नोव्हेंबर हाच सलीम अलींचा जन्मदिवस.

स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत शब्द टाकला आणि घाना वाचला. १९५६ मध्ये पक्षी अभयारण्य झाले, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि १९८५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आले.

पावसाळ्यात पाणी चढले की पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर करकोचे, बगळे, पाणकावळे, चमचे, शराटी यांची घरटी लागतात. एकेका झाडावर इतकी घरटी असतात की आपल्या चाळीची आठवण व्हावी. पिलांना मासे लागतात, आणि मासे पुराच्या पाण्याबरोबर येतात. म्हणजे पूर आला नाही तर पाळणा हलत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके आणि हंस उतरतात. कोरड्या भागात चितळ, सांबर, नीलगाय, कोल्हे आहेत. थंडीत बिळाबाहेर ऊन खात पडलेले अजगरही दिसतात.

आता म्हशींची गोष्ट. आसपासच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या घान्यात चरत. गुरांमुळे पक्ष्यांना उपद्रव होतो, असे सलीम अलींसह बहुतेक जाणकारांचे मत होते. १९८२ मध्ये चराई बंद झाली. ज्यांचे पोट दुधावर, त्यांना पर्यायी चार्‍याची धड व्यवस्था नाही. गावकरी चिडले, गोळीबार झाला, त्यात माणसे मेली. उद्यानाच्या इतिहासातले हे पान कोणी सहसा मोठ्याने वाचत नाही; मला ते वाचावेसे वाटते.

पुढे काय झाले? सलीम अलींच्याच सोसायटीने १९८० पासून दहा वर्षे तेथे अभ्यास चालवला होता. त्यात आढळले, की म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले. उघडे पाणी आटोपले, मासे घटले, बदकांना पोहायला जागा राहिली नाही. म्हशी खरे तर फुकटात तळे साफ करीत होत्या! मर्यादित चराई असावी, असा निष्कर्ष त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या जुन्या मताविरुद्ध छापून प्रसिद्ध केला. सलीम अली १९८७ मध्ये वारले. पूर्ण अहवाल त्यांना पाहता आला नाही. गावकर्‍यांना पुढे परवान्याने गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. विद्यार्थी मित्रहो, प्रयोगवहीतले उत्तर पुस्तकाशी जुळले नाही की आकडा खोडायची सवय तुम्हांला असेल, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरे संकट पाण्याचे. गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाले, आणि २००० नंतरच्या दशकात घाना वर्षावर्षाने कोरडा पडू लागला. वरच्या शेतकर्‍यालाही पाणी हवेच आहे. त्याला दोष कसा द्यावा? अखेर गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी नळाने आणण्याची सोय करावी लागली. कोरड्या जमिनीवर विलायती बाभूळ फोफावली. ती मुळासकट काढण्याच्या कामात आसपासच्या गावकर्‍यांनाच घेतले आणि लाकूड त्यांना मिळाले. सायबेरियन क्रौंच मात्र परतला नाही. साठच्या दशकात सुमारे दोनशे येत. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. वाटेत अफगाणिस्तान-पाकिस्तानात त्यांची शिकार होई, त्यामुळे एकट्या घान्याचा हा दोष नव्हे.

संस्थेने कधी सहल काढली तर भरतपूर स्टेशन मुंबई-दिल्ली मार्गावरच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. आत पायी, सायकलवर किंवा रिक्षाने फिरता येते. रिक्षाच घ्या. तेथील रिक्षावाल्यांना पक्षी ओळखण्याचे शिक्षण दिलेले आहे, आणि रिक्षा चालवता चालवता कोणत्या फांदीवर कोणते घुबड झोपले आहे ते ते बोट करून दाखवतात.