जुने ड्रम चिपर यंत्र : खरेदीपूर्वीची पारख

कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांनी कोळशासोबत 5 टक्के जैवभार पेलेट वापरावेत, असे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये जाहीर केले. त्यामुळे पऱ्हाट्यांसारख्या अवशेषांकडे आणि ते बारीक करणाऱ्या यंत्रांकडे लक्ष वेधले गेले. लहान उत्पादक गटाला नव्या चिपरची किंमत पेलत नाही. तो जुन्याकडे वळतो. अशा व्यवहारात गटाचे सारे भांडवल एका यंत्रात अडकते.

कायदा येथे खरेदीदाराला फारसा हात देत नाही. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 चा पायाच ‘ग्राहकाने सावध राहावे’ हा आहे. विक्रेता त्या मालाचा व्यापारी असला, तर माल विक्रीयोग्य असण्याची गर्भित अट लागू होते. पण खरेदीदाराने माल तपासला असल्यास त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांना ती लागू होत नाही. म्हणून काय पाहायचे, हे आधी ठरवले पाहिजे.

चिपरचा प्राण म्हणजे ड्रम. हा जड लोखंडी दंडगोल वेगाने फिरतो आणि त्यावरील पाती समोरच्या स्थिर पात्यावर लाकूड कापतात. इंजिन बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याखेरीज व किल्ली काढून घेतल्याखेरीज झाकण उघडू नये. मग पाती बसतात त्या खाचा, बोल्टची छिद्रे आणि वेल्डिंगचे सांधे उजेडात पाहावेत. बोथट पाती हे नकाराचे कारण नव्हे, ती बदलता येतात. तडा गेलेला ड्रम मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी महागच. दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे का, हे पाहावे आणि यंत्र चालवून थांबवल्यावर एखादे टोक अधिक तापते का, तेही तपासावे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरावा; आधीच तापवून ठेवलेले इंजिन पुष्कळ काही लपवते. निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो. तासमापकावरील आकडा बदललेला असू शकतो, त्यामुळे यंत्राच्या झिजेशी तो ताडून पाहावा. चाचणीचे लाकूड स्वतःचे न्यावे, ओले आणि सुकेही. तुकडे एकसारखे पडले तर धार व पात्यांमधील अंतर ठीक आहे. लांब धागे व भुसा पडू लागला तर नाही. जाड फांदीमुळे इंजिनाचा वेग घटला की लाकूड ओढणारे रोलर आपोआप थांबतात, अशी सोय असेल तर ती चालते का, तेही येथेच कळते.

सुरक्षेबाबत तडजोड नको. रोलर तत्काळ थांबवणारा दांडा निकामी असेल, तर दुरुस्तीपूर्वी व्यवहार करू नये. काही जुन्या यंत्रांत रोलरच नसतात. ड्रम फांदी थेट स्वतःच्या वेगाने ओढतो आणि फांदीत अडकलेली बाहीही. मळणी यंत्रांसारख्या धोकादायक यंत्रांसाठी संसदेने 1983 साली स्वतंत्र अधिनियम केला, हे परीक्षार्थींनी येथे आठवावे.

शेवटी किंमत. पाती, स्थिर पाते व पट्टे बदलण्याचा खर्च आधी काढून तो मागितलेल्या रकमेतून वजा करावा. इंजिन क्रमांक आणि विक्रेत्याने तोंडी दिलेली आश्वासने विक्रीपत्रात लिहून घ्यावीत.