लिबजेपेग : एका प्रतिमा-संक्षेपण लायब्ररीची पुनर्बांधणी

जेपीईजी या छायाचित्र-संक्षेपणाच्या मानकाला १९९२ साली अंतिम मान्यता मिळाली. त्याआधीच, १९९१ मध्ये, टॉम लेन यांच्या पुढाकाराने 'इंडिपेंडंट जेपीईजी ग्रुप'ने सी भाषेतली लिबजेपेग ही लायब्ररी सर्वांसाठी मोफत खुली केली होती. जेपीईजी जगभर पसरले त्याचे मोठे श्रेय या लायब्ररीकडे जाते.

संक्षेपण करताना चित्राचा उजळपणा आणि रंग वेगळे केले जातात. रंगातले बारकावे डोळा कमी टिपतो, म्हणून तिथला तपशील सहसा आधीच कमी करतात. मग ८×८ पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीवर डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म चालवतात. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ च्या शोधनिबंधात मांडलेले हे रूपांतर. त्यातून निघालेले ६४ सहगुणक ठरावीक संख्यांनी भागून पूर्णांकात आणले जातात. याला क्वांटायझेशन म्हणतात आणि चित्रातली मुख्य हानी इथेच होते. उरलेले आकडे हफमन पद्धतीने कमीत कमी बिटांत बसवले जातात.

मानक फाईलची रचना आणि ती वाचण्याची रीत बांधून देते. फाईल लिहिताना कोणते सहगुणक ठेवायचे, कोणते सोडायचे, हे मात्र लिहिणाऱ्या प्रोग्रामवर सोपवते. पुढची बहुतेक सुधारणा या मोकळ्या जागेत झाली.

१९९८ ची ६बी ही आवृत्ती इतकी रुजली की अकरा वर्षे तिच्यापुढे नवी आवृत्ती आली नाही. २००९ पासून गटाच्या नव्या सूत्रधारांनी ७, ८ आणि ९ या आवृत्त्या काढल्या. अडचण लायब्ररीच्या मूळ बांधणीत होती. तिचे मुख्य स्ट्रक्चर वापरणाऱ्या प्रोग्रामच्याच स्मृतीत राहते आणि सुरुवातीलाच लायब्ररी आवृत्तीचा क्रमांक व स्ट्रक्चरचा आकार तपासते. एखादे क्षेत्र वाढले की जुना प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. शिवाय आठव्या आवृत्तीने मानकात नसलेला विस्तार आणला. त्याने लिहिलेल्या फाइली इतर डिकोडरना वाचता येत नव्हत्या. वापरणाऱ्यांनी पाठ फिरवली, आणि ते योग्यच झाले. ज्या लायब्ररीवर हजारो प्रोग्राम उभे आहेत तिची बाहेरची जोडणी मोडणे ही सुधारणा नव्हे.

२०१० साली वेगळी झालेली लिबजेपेग-टर्बो उलट वाटेने गेली. तिने ६बीची जोडणी जशीच्या तशी ठेवली आणि आतले हिशेब प्रोसेसरच्या सिम्ड सूचनांवर नव्याने लिहिले. सिम्डमध्ये एकच सूचना अनेक संख्यांवर एकदम चालते. इंटेलच्या एसएसई-२ मधील १२८ बिटांच्या रजिस्टरात १६ बिटांच्या आठ संख्या मावतात, म्हणजे चौकटीची एक पूर्ण ओळ. हफमनचे तसे नाही: पुढचा संकेत कुठे सुरू होतो हे आधीचा संपल्याशिवाय कळत नाही. तिथे तक्ते आणि बिटांची हाताळणी सुधारूनच वेग मिळवावा लागला. एकूण वेग मूळ लायब्ररीच्या दोन ते सहा पट झाला. फायरफॉक्स, क्रोम आणि लिनक्सच्या प्रमुख वितरणांनी ती स्वीकारली. २०१९ साली आंतरराष्ट्रीय मानकानेही तिला संदर्भ-अंमलबजावणी म्हणून मान्यता दिली.

मोझिलाने २०१४ साली टर्बोवरच मोझजेपेग उभारली, पण वेगाऐवजी आकाराकडे लक्ष दिले. तिच्यातले ट्रेलिस क्वांटायझेशन प्रत्येक सहगुणकाबाबत दोन गोष्टी तोलते: त्यात बदल केल्यास किती बिट वाचतात आणि चित्र किती बिघडते. प्रोग्रेसिव्ह फाइलीत माहिती टप्प्याटप्प्याने येते. त्या टप्प्यांच्या वेगवेगळ्या विभागण्या करून पाहून मोझजेपेग सर्वांत लहान फाईल देणारी विभागणी ठेवते. एवढ्या हिशेबाला वेळ लागतो. एकदा लिहून लाखो वेळा पाठवल्या जाणाऱ्या वेबवरील चित्राला हा सौदा परवडतो, क्षणोक्षणी छायाचित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याला नाही.

गूगलने २०२४ साली जाहीर केलेल्या जेपेगलीने चित्राच्या भागाभागाप्रमाणे बदलणारे क्वांटायझेशन आणि अधिक अचूक अंकगणित आणले. उच्च दर्जाच्या चित्रांत संक्षेपण सुमारे ३५ टक्क्यांनी सुधारते, असा गूगलचा दावा आहे. तिने नेहमीच्या पद्धतीने लिहिलेली फाईल १९९८ ची ६बीही उघडते.