शून्य तक्रारींचा अर्थ



सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात लैंगिक छळाच्या तक्रारींचा आकडाही असतो. अशाच एका कारखान्याच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. पहिल्या वर्षी ‘शून्य’ लिहून आम्ही सही केली. नंतर पॅकिंगमधल्या कंत्राटी बायांशी बोलले, तर समिती आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. २०१३चा कायदा त्यांनाही लागू आहे. आता शिफ्ट सुटताना आम्ही फाटकाशी बसतो. यंदा तीन तक्रारी आल्या. व्यवस्थापन धास्तावलं. मी म्हटलं, बाया बोलू लागल्या, सुधारणा इथूनच सुरू होते. तुमच्या भागातल्या कारखान्यांचे शून्यही तपासून पाहा.